मावशीचा उजवा पाय

"गप पडायचं. तोंडातून शब्द काढायचा न्हाई."

एवढं बोलून ती उजव्या पायातली चप्पल काढायची, खुंटीवरचं फडकं ओढून तळवा पुसायची आणि समोर पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेवर तो पाय ठेवायची. दाबायची नाही. अंगठ्याच्या बाजूनं हळूहळू चाचपत जायची, दिवे गेल्यावर फळीवरची काडेपेटी शोधावी तशी. एका जागी पाय थांबायचा. तिथं दोन-तीनदा टेकवायची आणि म्हणायची, "ऊठ आता. वाकून दाखव."

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना तुम्ही वारंगा फाट्यावर चहाला उतरला असाल, तर तिचं दुकान तुमच्या नजरेला पडलं असेल, लक्षात मात्र राहिलं नसेल. ट्रकच्या ताडपत्र्या शिवून देण्याचं दुकान. वर पत्र्याचं छप्पर, खाली अंगणभर पसरलेली ताडपत्री आणि तिच्या मधोमध मांडी घालून बसलेली, पन्नाशी ओलांडलेली एक बाई. हातात दाभण, दातांत सुतळी. नवरा वारल्यावर दुकान तिनं एकटीनं चालवलं. रस्त्याच्या या बाजूला माझं मेडिकल. काउंटरवरून मान वर केली की समोर तीच दिसायची. सगळा फाटा तिला मावशी म्हणायचा, उत्तरेकडचे डायवर माताजी म्हणायचे. मला मात्र तिनं कधी नावानं हाक मारली नाही. रस्त्यापलीकडून ओरडायची, "ओ मेडिकल!"

मावशी पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. आपल्याकडे कमरेत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. फाट्यावर तर कमरांना तोटाच नव्हता. दिवसभर स्टेअरिंगवर बसून आलेले डायवर, पोती उचलणारे हमाल, एसटीचे कंडक्टर. ताडपत्री शिवायला टाकायची आणि तोवर कंबर दाखवून घ्यायची, असा रिवाजच पडला होता.

मी औषधनिर्माण शिकलेला माणूस. चमक म्हणजे आखडलेला स्नायू, आणि ती बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपली आपण जाते, हे मला ठाऊक होतं. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. मग एकदा सलाइनच्या बाटल्यांचं खोकं उचलताना माझीच कंबर धरली. सरळ होता येईना. शटर अर्धं ओढून घेतलं आणि मावशीला निरोप धाडला.

आत येऊन तिनं आधी माझ्याकडं आणि मग औषधांनी भरलेल्या फळ्यांकडं बघितलं.

"काहून हो मेडिकल? गोळ्या संपल्या का दुकानातल्या?"

"मावशी, हळू बोला. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"गप पडायचं," ती म्हणाली आणि तिनं चप्पल काढली.

बरं वाटलं मला. पायानं वाटलं की आपोआप, याची चिकित्सा मी त्या दिवशी केली नाही.

तिच्या या पायावर एकच माणूस कायम रागावलेलं असायचं, ते म्हणजे तिची मुलगी सुजाता. सुजाता परभणीला एका दवाखान्यात नर्स. सुट्टीला आली आणि दारात कोणी कण्हत उभा दिसला की तिचा पारा चढायचा.

"आई, विहारात पुढच्या रांगेत बसतेस, अन घरी येऊन हे असलं करतेस!"

"मी काय अंगात आणते का? निसता पाय लावते."

"लोक हसतात आपल्याला."

"हसणाऱ्याची कंबर धरली की धाडून दे इकडं," मावशी म्हणायची आणि तोंडातली सुतळी ओढून दाभणात ओवायची.

मला पहिल्यांदा खटकली ती तिची चप्पल. मावशी रस्ता ओलांडून यायची तेव्हा चालीत एक ठसका असायचा. त्या उन्हाळ्यात त्या चालीत फरफर ऐकू यायला लागली. उजव्या पायाचं पाऊल उचललं जायच्या आधीच पुढं ओढलं जात होतं. एकदा भर रस्त्यात तिची चप्पल मागं राहिली आणि तिला ते कळलं नाही. ती तशीच चार पावलं पुढं आली. मी काउंटरमागून बघत होतो. मागून ट्रकनं हॉर्न मारला तेव्हा तिनं खाली पाहिलं, परत फिरली आणि चप्पल पायात घालण्याऐवजी हातात घेऊन आली.

"पट्टा ढिला झालाय," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मग काउंटरला टेकून, आवाज खाली आणून म्हणाली, "एक डायवर हाय. त्याची कंबर लई दुखून राहिली. कमरेतून निघती कळ, ती पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाती. गोळी द्या एखादी."

"कोण डायवर?"

"हाय एक. म्हातारा हाय."

मी गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "त्या डायवरला सांगा, हे नुसतं गोळ्यांवर भागायचं नाही. नांदेडला जाऊन कमरेचा फोटो काढून घ्या म्हणावं."

"सांगते."

त्यानंतर आमच्या बोलण्यात तो डायवर रोज यायला लागला. डायवर झोपतो का? न्हाई झोपत, कूस बदलली की कळ येती. डायवर फोटोला कधी जाणार? जाईल म्हणतो, त्याची ताडपत्री अर्धी राहिली. मला सगळं कळत होतं. मला कळतंय हे तिलाही ठाऊक होतं. पण डायवर मधे होता म्हणून तिला बोलता तरी येत होतं, आणि तो मधून काढून घ्यायची मला भीती वाटत होती. समोर ती आता मांडी घालून बसत नव्हती. गुडघ्यांवर बसून शिवायची, मधेच ताडपत्रीवर हात टेकून डोळे मिटून थांबायची. मी गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देताना निम्मं लक्ष तिकडं.

एक दिवस मला राहवलं नाही. अशा दुखण्यात नस फार दाबली गेली तर लघवीवरचा ताबा जातो, आणि मग एक तासही थांबायचं नसतं, हे मी वाचलेलं. मी धीर करून विचारलं, "मावशी, त्या डायवरला लघवीचं भान आहे ना?"

ती भडकलीच. "लाज वाटती का तुमाला? बाईमाणसाला असं इचारतेत व्हय?"

काउंटरवर गोळ्यांची पट्टी पडली होती, ती तिनं उचलली नाही.

"हाय," थोड्या वेळानं ती खाली बघत म्हणाली. "तेवढं हाय."

"मग सुजाताला फोन लावू?"

"नका लावू. तिला आनंद व्हईल."

"आनंद कसा होईल, मावशी?"

"पायाळूचीच कंबर गेली म्हणंल. फाटा बी म्हणंल." आणि उजवा पाय हातानं उचलावा तसा मांडीपासून उचलत ती रस्ता ओलांडून गेली.

फाट्याला ते पुढच्याच आठवड्यात कळलं. एक दांडगा डायवर चमक घेऊन आला होता. ताडपत्रीवर पालथा पडला. मावशीनं चप्पल काढली, पाय पुसला, पत्र्याच्या खांबाला धरून पाय वर घेतला. पाय वर आला, पण पाऊल लोंबतच राहिलं. बोटं त्या माणसाच्या सदऱ्यात अडकली, मावशीचा तोल गेला आणि ती त्याच्या अंगावरच पडली. डायवर बोंबलत उठला. मावशी उठली नाही. मी दुकान तसंच उघडं टाकून पळालो. ती कुशीवर पडून आपल्या पायाकडं बघत होती. लोकांच्या गोंगाटात ती पायालाच म्हणत होती, "वर ये की रं. वर ये."

जमलेल्या लोकांना उपाय एकच सुचला. पायाळूला दुसऱ्या पायाळूचा पाय. बाळापूरहून कोणी मोटारसायकलवर एका रसवंतीवाल्याला घेऊन आलं. बिचारा तिच्यासमोर घामाघूम झाला. "मावशीला पाय लावू? पाप लागंल मला." मी आडवा गेलो, ओरडलोसुद्धा, पण माझं, मेडिकलवाल्याचं, कोण ऐकतो! अखेर त्यानं आधी हात जोडून नमस्कार केला आणि नुसता अंगठा टेकवला. त्याचं मन मोडू नये म्हणून मावशी म्हणाली, "बरं वाटलं गा लेकरा." आणि तिला उठवायला आम्ही चौघे लागलो.

मी सुजाताला फोन केला. ती रागावली नाही. पलीकडून फक्त विचारलं, "पाऊल वर उचलता येतं का तिला? अंगठा?" मी नाही म्हणालो. "निघते मी," ती म्हणाली. नर्स असण्याचा हा एक तोटा आहे. बाकीच्यांना जे ऐकून कळत नाही, ते त्यांना न ऐकताच कळतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. दोन मणक्यांच्या मधली गादी फाटून तिचा तुकडा बाहेर आला होता आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. चाळिशीतले, बोलायला शांत डॉक्टर. त्यांनी सांगितलं, पाठ उघडायची गरज नाही. कमरेच्या बाजूनं एक छोटं छिद्र पाडायचं, त्यातून बोरूएवढी नळी आत न्यायची, नळीच्या टोकाला कॅमेरा. पडद्यावर बघत बघत तो तुकडा चिमट्यानं काढून घ्यायचा.

"किती छोटं छिद्र?" मावशीनं विचारलं.

डॉक्टरांनी करंगळीचं नख दाखवलं.

"एवढं तर माझ्या दाभणानं पडतं."

डॉक्टर हसले. "बरोबर. आणि तुम्हाला पूर्ण भूल द्यायची नाही. तेवढी जागा बधिर करायची. तुम्ही जाग्या राहणार आणि माझ्याशी बोलत राहणार. नसेजवळ मी काही चुकीचं करायला लागलो तर सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल. तुम्ही ओरडायचं, मी थांबायचं."

मावशीचा हात आपोआप कमरेकडं गेला. "जागीच? अन तुमी आत चिमटा घालनार?"

सुजातानं विचारलं, "सर, पाय?"

डॉक्टरांनी फोटोतल्या नसेवर बोट ठेवलं. "दुखणं जाईल, अशी मला चांगली आशा आहे. पायाचं वचन देत नाही. नस बरेच दिवस दाबलेली आहे. मोकळी केल्यावर ती उठेल, थोडी उठेल की नाही उठणार, ते मला आत जाऊनही दिसणार नाही. उशीर कराल तर आशा कमी होत जाईल."

दोन दिवसांनी यायचं ठरलं. फाट्यावर परत आलो तर आमच्या आधी बातमी पोचलेली. येईल तो एकेक माणूस सांगून जाई. अमक्याचा मेहुणा कमरेच्या ऑपरेशननंतर उठलाच नाही. तमक्याच्या बायकोला खाटेवरच सगळं करावं लागतं. आमच्या भागात मणक्याच्या ऑपरेशनमधून बरा झालेला माणूस गोष्टीतही सापडत नाही. बरे झालेले कामाला लागतात, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मी मावशीला हे समजावत होतो, पण धास्ती मलाही होती. न्या म्हणणारा मी. उद्या काही वाकडं झालं तर समोरच्या रिकाम्या दुकानाकडं रोज बघायचं होतं तेही मलाच.

निघायच्या आदल्या दुपारी मी तिकडं गेलो. सुजाता आत कपडे भरत होती. मावशी बाहेर खाटेवर कुशीवर पडलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली अर्धवट शिवलेली ताडपत्री.

"मरायचं भ्या न्हाई मला," ती म्हणाली. "पायाचं हाय."

"चालता तर येईल, मावशी. काठी घेऊन का होईना."

"चालायचं न्हाई म्हणून राहिले मी." तिनं पावलाकडं बघितलं. "तुमाला ठावं न्हाई. मी लहान असताना ढग वाजले की बाया मला दारातून हाकलायच्या. पायाळूवर वीज पडती म्हणून. तशी बी आमी लोक दाराच्या बाहेरच. मग गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची कंबर धरली. अंगणात पालथा पडला अन मला बोलावणं आलं. आठ-नऊ वर्षांची असंल मी. घाबरत पाय ठिवला. उठला तो. लई खूश झाला. मला तहान लागलेली. पाणी मागितलं, तर त्याच्या बायकोनं वरून वंजळीत ओतलं."

ती हसली. मला हसता येईना.

"आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, मेडिकल. पाय चालत व्हता. तवापासून कोनी बी येऊ दे, केवढा बी मोठा. मी म्हणते गप पड, अन तो गप पडतो. सुजीला वाटतं आई अडाणी हाय. मला काय कळत न्हाई का, पायात काय नसतं म्हणून? पण हा पाय माझा हाय."

आत कपडे भरायचा आवाज थांबला होता. सुजाता दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती बाहेर आली, आईच्या पायाशी खाटेवर बसली आणि तिनं ते लोंबणारं पाऊल मांडीवर घेतलं. अंगठा धरून वर-खाली करत राहिली, डॉक्टरांनी सांगितला तसा व्यायाम.

ऑपरेशन सकाळी होतं. मावशीला आत नेताना तिनं सुजाताला नाही, मला विचारलं, "लघवीचं इचारलं व्हतं तुमी, ते जात तर न्हाई ना यानं?" मी नाही म्हणालो. खात्री होती का? नव्हती. दार लागलं.

तासाभराचं काम आहे असं सांगितलं होतं. बाहेर बाकावर मी आणि सुजाता. सुजाता आमच्या दोघांत जाणती, म्हणून जास्त घाबरलेली. आतून कोणी बाहेर आलं की ती चेहऱ्याकडं नाही, हातांकडं बघायची. हातात काय आहे, कशाला पळतेय. तास उलटून गेला. एक सिस्टर घाईनं बाहेर आली, कपाटातून काहीतरी काढून आत पळाली. सुजाता उठून उभी राहिली. "हे असं नसतं," ती म्हणाली. "साधं चाललं असलं की असं पळत नाहीत." मी तिला बस म्हणालो आणि मीच उभा राहिलो. दाराच्या काचेतून आतलं दुसरं दार तेवढं दिसत होतं.

आत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं, थोडं डॉक्टरांकडून, थोडं तिच्याकडून.

"मला पालथं पाडलं," मावशी सांगायची. "अन वरून म्हणतेत, बोलत ऱ्हा. मी लोकांला जन्मभर गप केलं, अन हे मला बोल म्हणतेत! काय बोलू?" डॉक्टर म्हणाले, काहीही, तुमच्या कामाचं सांगा. मग तिनं ताडपत्रीचा कोपरा कसा शिवायचा ते सांगायला सुरुवात केली. आधी दुमड घ्यायची, मग दुसरी दुमड, कडीला दोरा दुहेरी. मधेच "करंट! करंट मारला पायात!" म्हणून ओरडली. डॉक्टरांचा हात तिथंच थांबला. नळी जरा तिरपी केली. पुन्हा कोपरा, पुन्हा दुमड. तुकडा नसेला चिकटून बसला होता, हळू सोडवावा लागत होता. वेळ गेला तो त्यात.

आणि एकाएकी मावशी बोलायची थांबली.

डॉक्टर म्हणाले, "मावशी? बोला ना." उत्तर नाही. "मावशी, पाय दुखतोय का? ऐकू येतंय ना?" काही नाही. सगळे हात थांबले. सिस्टरनं खाली वाकून तिच्या तोंडाकडं पाहिलं. मावशीचे डोळे उघडे होते आणि त्यांतून धारा लागल्या होत्या.

"काय होतंय?"

"काय बी न्हाई," मावशी म्हणाली. "दुखून न्हाई राहिलं."

तिच्या कमरेतली कळ तेवढ्यात थांबली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ती सांगायची, "पायावर उभा केलेला ट्रक कोणी तरी मागं घेतला असं वाटलं. मग तोंडातून शब्दच निघंना."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी बाटली होती. पाण्यात पांढरट, चिवट असा एक तुकडा. खेकड्याच्या नांगीतल्या मांसासारखा. एवढ्याशा त्या वस्तूनं एका बाईला आडवं पाडलं होतं. "छान झालं," ते म्हणाले. "ताडपत्री शिवायलाही शिकलो." सुजातानं विचारलं, "पाऊल?" ते म्हणाले, "बघू या."

संध्याकाळी तिला उभं केलं. ती धरून धरून चालली. कळ नव्हती. पाऊल मात्र तसंच, जमिनीला घासत. ती त्याच्याकडं बघत चालत होती आणि आम्ही तिच्याकडं.

त्यानंतरचे दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. पावलाला आधार द्यायला प्लास्टिकची पट्टी दिली होती. दुकानापुढं खुर्ची टाकून ती बसायची आणि पट्टी काढून अंगठ्याकडं टक लावायची. सुजातानं रजा वाढवली होती. दोघी मिळून त्या अंगठ्याशी बोलत असाव्यात. काउंटरवरून मला त्यांच्या वाकलेल्या माना आणि ते पाऊल दिसायचं. येणारा-जाणारा विचारायचा, "हललं का?" मावशी म्हणायची, "हलंल." मग विचारणारे कमी झाले. मला आता काही हलेल अशी आशा उरली नव्हती, आणि तसं तिच्याजवळ बोलायची हिंमतही नव्हती.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी एका गिऱ्हाइकाला सिरपचं झाकण कसं उघडायचं ते दाखवत होतो. रस्त्यापलीकडून सुजाताची किंकाळी आली. मी बाटली टाकून धावलो. मनात नको ते येऊन गेलं. तर ती आईचा पाय धरून ओरडत होती, "परत कर! आई, परत कर!" मी वाकलो. मावशीनं ओठ आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. अंगठा थरथरला आणि नखाएवढा वर आला. खाली पडला. पुन्हा वर आला.

मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, "मेडिकल, तुमचं गिऱ्हाईक वाट बघून राहिलं."

पाऊल परत आलं, पण सगळं नाही. पट्टी सुटली, चालीतली फरफर गेली. अंगठ्याकडची बाजू मात्र बधिर राहिली. हे तिनं बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. कळलं ते एका जुन्या डायवरमुळं. तो चमक घेऊन आला आणि तिनंही मोठ्या उमेदीनं फडकं काढलं. पाय वर गेला, अलगद टेकला. फिरला. पुन्हा फिरला. कुठंच थांबेना. मावशीनं पाय खाली घेतला.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "मला तुझी कंबरच लागून न्हाई राहिली."

"मावशी, निसता ठिवा. तेवढ्यानं बी बरं वाटतं."

"निसता ठिवायला दगड बी चालतो." मग माझ्या दुकानाकडं बोट करून म्हणाली, "तिकडं जा. अन कळ पायात उतरली असंल तर फोटो काढ. लपवू नको."

तिनं फडकं धुऊन वाळत घातलं आणि त्यानंतर कोणाला पाय लावला नाही. हट्ट करणाऱ्यांना ती शांतपणे सांगायची, गेलं ते. मला वाटलं होतं ती खचेल. सुजाताला तर तीच धास्ती. तिनं एकदा चक्क म्हणून पाहिलं, "आई, लाव की. मी काही बोलत न्हाई आता." मावशी तिच्याकडं बघतच राहिली आणि दोघी एकदम हसत सुटल्या.

खाली वाकून शिवायची मनाई होती, त्यामुळं दुकान चालवण्यात अर्थ उरला नाही. दिवाळीनंतर सुजाता तिला परभणीला घेऊन गेली. ती जागा आता एका पंक्चरवाल्यानं घेतली आहे. अजूनही कधीमधी एखादा ट्रक थांबतो, डायवर कमरेवर हात ठेवून उतरतो आणि टायरांच्या ढिगाकडं बघत उभा राहतो. मग मी काउंटरवरून हाक मारतो आणि त्याला सांगतो, मावशी परभणीला गेली, अन कळ पायात उतरली असेल तर लपवू नको.

मागच्या महिन्यात कामासाठी परभणीला गेलो होतो. सुजाताच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर समोरून मावशी येत होती, हातात मेथीच्या दोन जुड्या, सोबतच्या बाईशी काहीतरी तावातावानं बोलत. तिनं मला पाहिलं नव्हतं. रस्ता ओलांडायला ती उतरली आणि वळणावरून एक मोटारसायकल सुसाट आली. मला दिसला तो फक्त तिचा उजवा पाय.

मावशीनं टुणकन मागं उडी मारली. पाय बरोबर पडला. मेथीची एक जुडी खाली गेली.

"डोळे काय गावाकडं ठिवले का रं?" ती त्या पोरामागं ओरडली. मग जुडी उचलली, माती झटकली आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू करत रस्ता ओलांडून गेली. आपण उडी मारली, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.